पावाच्या ठशाची बशी

प्लातानी, १० जून

चि. मिर्सिनी हिस,

आशीर्वाद सध्या अर्धाच पाठवते आहे. उरलेला अर्धा तुझं उत्तर वाचून ठरवीन.

मी बरी आहे. कोंबड्या बऱ्या आहेत. शेजारची पोलिक्सेनीही बरी आहे, त्याला माझा इलाज नाही. फोन करू नकोस. मला त्यातलं ऐकू येत नाही, आणि तू ओरडलीस की माझ्याआधी पोलिक्सेनीला ऐकू जातं. लिहून पाठव. मी दोन इयत्ता शिकले आहे, तुझं पत्र वाचायला तेवढ्या पुरतात.

रविवारी पाद्रीबाबाच्या बायकोकडे, पाद्रीणबाई एव्लाम्बियाकडे, कॉफीला गेले होते. एव्लाम्बियाबाई नुकतीच थेस्सलोनिकीला बहिणीकडे राहून आली. तिथल्या कसल्याशा बाजारातून तिने एक बशी आणली आहे, दागिने ठेवायची. तळहाताएवढी, पांढरी, काठाला सोनेरी रंग फासलेला. मला म्हणाली की बघा बाई, कुणा मुलीने घरी हाताने केलेली आहे, मशीनची नाही. आत तिचे डूल होते, अंगठी होती आणि एक तुटकी साखळी. मी डूल बाजूला सारले, चष्मा चढवला आणि हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

बशीच्या तळाला तीन रांगांत नऊ छोटे त्रिकोण. आणि शेवटच्या रांगेतल्या मधल्या त्रिकोणावरून गेलेली एक तिरकी चीर. मिर्सिनी, ती चीर मी ओळखणार नाही? माझ्या सासूच्या हातून आपला पावाचा लाकडी ठसा दगडावर पडला तेव्हाची आहे ती. पन्नास वर्षं मी ती वेदीच्या पावावर उमटवते आहे. ते नऊ त्रिकोण म्हणजे देवदूतांच्या नऊ पंक्ती. पाद्रीबाबा सुरीने ते एकेक काढून ताटलीत मांडतो. त्यांच्यावर बायकांनी डूल टाकायचे नसतात.

एव्लाम्बियाला वाटलं ती पानं आहेत. पंचवीस वर्षं पाद्र्याच्या घरात स्वयंपाक करते आहे, आणि म्हणे पानं.

मी बशी नाकाला लावली. नव्या चपलेचा वास. ती साखर आणायला आत गेली तेवढ्यात जिभेला लावली. त्याहून वाईट. मातीही नाही, चिनी मातीही नाही, कसलं तरी प्लॅस्टिक. अजून तोंडात घोळतंय. बाहेर आली तेव्हा मी म्हटलं छान आहे हो. पाद्र्याच्या घरात खोटं बोलले, ते पाप तुझ्या माथी.

ईस्टरला तुझ्या आजोबांच्या सदऱ्यात गुंडाळून मी तो ठसा तुला दिला तो कशासाठी दिला? देवमातेच्या सणाचा पाव, पंधरा ऑगस्टचा, आपल्या घरातून जातो. माझ्या सासूच्या आधीपासून जातो. तुझ्या आईला स्टुटगार्टमध्ये पाव विकत मिळतो, तिला शिकवून झालं. उरलीस तू. सराव कर म्हणून दिला होता. बशा कर म्हणून नाही.

तो ठसा माझा आहे की नाही एवढंच कळव. हो असेल तर का, तेही.

उत्तर आलं तर माया आहे तेवढी राहील. नाही आलं तर उचलून पोलिक्सेनीवर करीन, मग रडू नकोस.

तुझी आजी
गारुफालिया


थेस्सलोनिकी, १८ जून

ती. आजीस मिर्सिनीचा शि. सा. न.

वि. वि. तुझा अर्धा आशीर्वाद पोचला. अर्ध्यातच मला तीन दिवस जेवण गेलं नाही, पुरा आला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

हो आजी. ठसा तुझाच आहे.

रागावून कागद चुरगाळायच्या आधी ऐक. दिवसभर मी औषधांच्या दुकानात उभी असते. संध्याकाळी घरी आलं की स्वयंपाकाच्या ओट्यावर या बशा करते. एवढ्या एकाच कामात मला कुणी घाई करत नाही. पॉलिमर क्ले म्हणतात त्याला. वडी विकत मिळते, साबणाएवढी. आधी ती कडक असते, मळून मळून मऊ करायची. मग बाटलीने लाटायची, नक्षी दाबायची, वाटीच्या झाकणाने गोल कापायची आणि तो गोल काचेच्या वाटीत बसवून ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायचा. गार झाल्यावर काठ घासायचे, रंग द्यायचा. मातीसारखं वाळवत बसायला नको, भट्टी नको.

मे महिन्यात एके दिवशी तुझा ठसा समोर होता आणि मला तो फार सुंदर दिसला. एवढंच झालं. ठशावरचं ख्रिस्ताचं नाव मी कागद लावून झाकलं होतं, फक्त त्रिकोण उमटवले. सात बशा केल्या. शनिवारच्या बाजारात माझ्या साध्या बशांकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्या सात तासाभरात गेल्या. त्यातली एक आपल्या गावात, आपल्याच पाद्रीणबाईच्या टेबलावर जाईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आता पुन्हा तशा करणार नाही. तशाही नीट होत नव्हत्या. नक्षीखाली हवेचे फुगे धरायचे आणि भाजल्यावर ते टम्म वर यायचे.

पावाचं चालू आहे. ठसा मी जपून ठेवला आहे. तू काळजी करू नकोस.

हाताला मलम लावतेस ना? पोलिक्सेनीकाकूला नमस्कार सांग, म्हणजे मला तिच्यासाठी फोनवर मुद्दाम ओरडायला नको.

राग ओसरला की थोडी जागा माझ्यासाठी ठेव.

तुझी
मिर्सिनी


प्लातानी, २६ जून

चि. मिर्सिनीस आशीर्वाद. किती ते विचारू नकोस.

ख्रिस्ताचं नाव कागदाने झाकलंस! म्हणजे त्याला दिसलं नाही असं तुला वाटतं. तुझे आजोबाही उपासात सॉसेज खाताना देवाच्या तसबिरीवर टोपी अडकवायचे. घराण्याची अक्कल आहे, तुझ्या एकटीचा दोष नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोनदा हात धुतले. खाता येत नाही, पिता येत नाही, ते मळायचं काय, लाटायचं काय, भाजायचं काय. पावाची सगळी नक्कल करायची आणि शेवटी ताटात काय, तर डूल. थू.

आणि फुगे धरतात म्हणे. धरणारच. तू मळत नसशील, कुरवाळत असशील. तळहाताच्या टाचेने ढकलायचं, दुमडायचं, परत ढकलायचं. हवा कडेला गेली पाहिजे. ठसा दाबायचा तो एका दमात, सगळं अंग त्यावर टाकून, आणि उचलायचा सरळ वर. मग बारीक काडी घेऊन रेघांच्या कडेकडेने टोचायचं, जिथे भोक दिसत नाही तिथे. म्हणजे आतली वाफ निमूट बाहेर जाते आणि देवाचं नाव फुगून फाटत नाही. हे मी तुझ्या त्या घाणीसाठी सांगत नाही. पावासाठी सांगते आहे.

आता मला सांग, तो चिकट लगदा ठशाला चिकटू नये म्हणून तू काय लावलंस? तेल लावलं नाहीस ना? आणि खाचांमध्ये बसलं ते काढलंस कशाने? तो नासपतीच्या लाकडाचा आहे, शंभर वर्षांचा. त्याला पाणी दाखवायचं नाही. कोरडं पीठ आणि कोंबडीचं पीस, एवढाच त्याचा साबण. हे मी तुला ईस्टरला सांगितलं होतं, पण तेव्हा तू फोनमध्ये तोंड घालून बसली होतीस.

इथली बातमी ऐक. पोलिक्सेनीने ठसा विकत आणला आहे. मेणबत्त्यांच्या दुकानातून, यंत्रावर कापलेला. मागे किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. तो घेऊन ती पाद्रीबाबाकडे गेली आणि म्हणाली की बाबा, गारुफालियाबाईंची बोटं आता कपबशी धरत नाहीत, यंदा देवमातेचा पाव मी करते. आपला पाद्रीबाबा पापा स्तेर्गिओस भला माणूस आहे. तो म्हणाला की एक ऑगस्टपर्यंत गारुफालियाबाईंनी पाव करणारीचं नाव कळवावं, नाही कळवलं तर तू कर. एकदा तो मान तिच्याकडे गेला की परत आपल्या घरात येत नाही. असल्या गोष्टी परत येत नसतात.

तेव्हा ऑगस्टच्या तेरा तारखेला तू ठसा घेऊन येणार आहेस की नाही?

हे पत्र वाचून लाज वाटली तर मला बरं वाटेल.

आजी


थेस्सलोनिकी, ५ जुलै

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं टोचून पाहिलं. एकही फुगा धरला नाही! बाजारातल्या बाकीच्या मुली विचारत होत्या की हे कुठे शिकलीस. मी म्हटलं माझ्या आजीने पत्राने शिकवलं. त्यांना वाटलं तू मोठी कलाकार आहेस. मी नाही म्हटलं नाही.

तुला त्या क्लेची एवढी किळस येते म्हणून पत्रासोबत एक वडी पाठवते आहे. पांढरीच आहे. हातात घेऊन तर बघ. आधी खूप मळ, मग लाट, अंगणातलं एखादं पान त्यावर दाब आणि बशीत घालून भाज. फक्त एकशे तीस अंश, त्याच्यावर नाही, आणि अर्धाच तास. तुझी बशी झाली की तिच्यात औषधाच्या गोळ्या ठेव, पण वेष्टनासकट. खायचं काही तिच्यात घालायचं नसतं.

ठशाबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिते. आज दुकानात जायला उशीर होतो आहे.

मी येणार आहे, आजी. येणार आहे हे नक्की.

चिडत राहा, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं मला समजेल.

मिर्सिनी


प्लातानी, १६ जुलै

चि. मिर्सिनीस,

आशीर्वाद. घरात बसून लिहिते आहे कारण अंगणात अजून उभं राहवत नाही.

तुझी वडी आली. चार दिवस मी ती चुलीच्या बाजूला ठेवून नुसती बघत होते, मेलेल्या उंदराकडे बघावं तशी. मग मनात आलं की पन्नास वर्षं पीठ मळणाऱ्या बाईला हे चिमूटभर काय जड आहे. कागद सोडला. थंडीत गोठलेली डुकराची चरबी असते तशी. अंगठ्याने दाबली, खड्डा पडेना. मुठीत धरली, हलेना. गरम व्हावी म्हणून शेवटी तिच्यावर बसले. हसू नकोस. अर्धा तास बसले, त्यात एक जपमाळ झाली. तेव्हा कुठे ती जरा नरम आली आणि माझ्या काळ्या झग्याला पांढरा डाग लागला तो निघत नाही.

मग ती चपटी करून फडक्याखाली उबेला ठेवली. एक तास झाला, फुगेना. दोन तास झाले, तशीच. मला वाटलं शहरातला माल, आंबायला वेळ घेत असेल. शेवटी म्हटलं राहू दे. द्राक्षाचं पान दाबलं, जुन्या बशीत घातली.

आता तू लिहितेस एकशे तीस अंश. माझ्या भट्टीला अंश कळत नाहीत. हात आत घालायचा आणि मोजायचं. वीसपर्यंत हात टिकला की पावाजोगी आच झाली. वीस मोजले. सहा पाव सारले आणि त्यांच्या शेजारी तुझी ती बशी, जागा होती म्हणून.

कसं सांगू तुला. आधी धूर आला, पांढरा. मग पिवळा. मग काळा. डोळ्यांतून असं पाणी की घरचं कुणी गेल्यावरही आलं नव्हतं. घसा सोलवटला. पोलिक्सेनी बादली घेऊन धावत आली आणि कुंपणापाशीच नाकाला डोक्याचा रुमाल लावून मागे फिरली. जाताना म्हणाली की गारुफालिया, तू कुणाला जाळते आहेस? बाहेर काढली तेव्हा ती बशी काळी, फोड आलेली, कडा वळलेल्या, जळलेल्या बुटासारखी. सहाही पाव फुकट. डुकराला घातले. डुकराने वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला त्याची माफी मागावीशी वाटली. कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. भट्टी मी तीनदा व्हिनेगरने पुसली आहे, तरी तो वास जात नाही. झोपल्यावर उशीला येतो.

असल्या वस्तूवर तू देवदूत उमटवलेस.

आता दुसरी गोष्ट. ही तुला लिहिते आहे कारण पोलिक्सेनीला सांगणार नाही. ती वडी साबणाएवढी होती. साबणाएवढी, मिर्सिनी. आणि मला ती मळता आली नाही. अंगठा आत वळतच नाही. बसले म्हणून जमलं. देवमातेच्या पावाला दोन किलो पीठ लागतं, त्यावर बसता येत नाही. हिवाळ्यात मला वाटलं थंडीने असेल. आता जुलै आहे.

म्हणजे यंदा मी नाही. तू, नाहीतर पोलिक्सेनी. तिसरं कुणी नाही.

ठसा कसा आहे ते तू दोन पत्रं झाली तरी लिहिलं नाहीस. मी मूर्ख नाही. लिही.

आजी


थेस्सलोनिकी, २४ जुलै

ती. आजीस साष्टांग नमस्कार. या वेळी खरंच साष्टांग.

ठसा तुटला आहे.

मे महिन्यातच तुटला. त्या सात बशा केल्या त्याच दिवशी. चिकटू नये म्हणून मी तेलच लावलं होतं. तरी क्ले खाचांत अडकली, सुईने निघेना. मग मी ठसा गरम पाण्यात साबण घालून दुपारभर भिजत ठेवला, आणि लवकर वाळावा म्हणून ओव्हनच्या कोमट पत्र्यावर. जरा वेळाने टक्कन आवाज आला. तुझ्या त्या चिरेवरच दोन तुकडे झाले.

पावाचं चालू आहे असं लिहिलं ते खोटं होतं. तेव्हापासून मी एकही पाव केलेला नाही. पीठ समोर घेतलं की ते दोन तुकडे दिसतात. तू विचारत होतीस आणि मी फुग्यांच्या गोष्टी लिहीत होते. मला माझीच शिसारी येते आहे, तुला आणखी वेगळी काय येणार.

पण एक मार्ग आहे. पहिल्यांदा सराव म्हणून मी ख्रिस्ताच्या नावासकट अख्खा ठसा एका चकतीवर उमटवला होता. ती भीतीपोटी कधी विकली नाही. तिच्यावरून मी क्लेचा नवा ठसा केला आहे. हुबेहूब तोच. ती चीरसुद्धा जशीच्या तशी. काल कणकेवर दाबून बघितला, रेघन्रेघ उठते. पावावर तोच ठसा दिसेल, पोलिक्सेनीकाकूला बोलायला जागा राहणार नाही, आणि आपल्या घरचा पाव आपल्या घरच्या ठशाने जाईल. कुणालाही कळणार नाही, आजी.

तू फक्त हो म्हण. पहिली तारीख जवळ आली आहे.

माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही. तरी लिहिलं आहे असं समज.

मिर्सिनी


प्लातानी, ३० जुलै

मिर्सिनी,

तुझं पत्र वाचलं आणि मग जाऊन कोंबड्यांचं खुराडं साफ केलं. त्या घाणीत मला बरं वाटलं.

ठसा तुटला. लाकूड होतं, तुटलं. माझी सासू असती तर तिने तुझे केस उपटले असते. मी उपटणार नाही, मला बोटं नाहीत.

पण कुणाला कळणार नाही हे वाक्य तू लिहिलंस ना, ते वाचून मला जे झालं ते भट्टीपाशीही झालं नव्हतं. जी वस्तू आगीत अशी घाण ओकते ती मी वेदीच्या पावाला लावू? ज्या बशीत गोळीसुद्धा उघडी ठेवू नको म्हणून तूच मला लिहितेस, ती वस्तू म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडात जाणाऱ्या पावावर दाबू? आणि वर खोटी चीर! चीर पडते, बाई. ती कुणी करत नसतं. तो तुझा ठसा कचऱ्यात टाक. जाळू नकोस. जाळल्यावर काय होतं ते मला विचार.

काल मी पोलिक्सेनीकडे गेले. तिचा ठसा मागितला. पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही म्हणे. मी, बहिरी, बोलते आणि तिला ऐकू येत नाही! दुसऱ्यांदा मोठ्याने मागायला लावलं, तिची सून दारात येईपर्यंत. मग म्हणाली की घे हो, देवाचं काम, त्यात तुझं माझं काय. चेहरा असा की लोणी लावावं आणि खावा. मी ठसा घेतला. मागची चिठ्ठी खरवडून काढली, तेवढं मी तिच्यासमोरच केलं.

तिथून पाद्रीबाबाकडे गेले. त्याला सांगितलं की ठसा पोलिक्सेनीचा, पीठ माझं, हात माझ्या नातीचे. आणि हेही सांगितलं की तिने मे महिन्यापासून एकही पाव केलेला नाही. तो दाढी खाजवत म्हणाला की जमेल का तिला? मी म्हटलं मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही.

तेरा तारखेच्या सकाळच्या बसने ये. दोन्ही तुकडे घेऊन ये. पिठात हात घालायच्या आधी चर्चमध्ये जाऊन बाबापाशी सगळं कबूल कर, बशांपासून. नखांचा रंग काढून ये. उपास आहे, घरात उकडलेल्या शेंगांखेरीज काही मिळणार नाही.

पाव बिघडला तर तू आणि मी दोघी तोंड घेऊन इथेच राहणार आहोत. म्हणजे मी राहणार आहे. तुला बस आहे.

आजी


प्लातानी, २० ऑगस्ट

चि. मिर्सिनी हिस आशीर्वाद.

चौदा तारखेला दुपारी पाव भट्टीतून निघाले आणि तू बस पकडून पळालीस. सणाच्या दिवशी समुद्रावर दुकान मांडायला. देवमातेच्या दिवशी! लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं तिचं पोट बिघडलं. आणखी एक खोटं. या उन्हाळ्यात मी तुझ्यापायी जेवढं खोटं बोलले तेवढं लग्नाच्या वेळीही बोलले नव्हते.

आता तू नव्हतीस तेव्हा काय झालं ते वाच.

चर्च भरलं होतं. मी मागे खांबाला टेकून उभी. पोलिक्सेनी पुढे, मला दिसेल अशी. पापा स्तेर्गिओसने पाव उचलला, खालून वाजवून पाहिला, आणि सुरी घातली. मधला तुकडा निघाला, चौकोनी, कड न मोडता. मग तो ते नऊ काढायला लागला. इथेच पाव हरतो, नीट मळला नसेल तर चुरा होतो. मी मोजत होते. एक, दोन, तीन. ओठ चावून मोजत होते, पाचाला रक्त आलं. नऊच्या नऊ निघाले. चुरा नाही, फुगा नाही, भोक नाही.

तुकडे वाटताना म्हातारा ख्रिसाफिस मोठ्याने म्हणाला की हा गारुफालियाचा पाव नव्हे, ह्यावर चीर कुठे आहे? सगळे वळले. पोलिक्सेनीने तोंड उघडलंच होतं. पण बाबा म्हणाला की पाव गारुफालियाबाईंच्याच घरचा आहे, नातीने केला आहे, आणि पुढच्या वर्षीही तिथूनच येईल. पोलिक्सेनीने तोंड मिटलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली की ठसा चांगला उठला ना? मी म्हटलं उठला, बाई, उपकार झाले. तेवढं मला म्हणावंच लागलं. गिळताना शेंगांसारखं कोरडं लागलं.

दुसऱ्या दिवशी एव्लाम्बिया आली. दार लावून घेतलं आणि एप्रनखालून ती बशी काढून टेबलावर ठेवली. चेहरा पांढराफटक. चर्चमध्ये पाव बघताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला की ती पानं नव्हेत. म्हणाली की मी महिनोन्महिने देवदूतांवर डूल टाकते आहे, बाबांना कळलं तर काय म्हणतील? मी तिला सगळं सांगितलं. तू कबुली दिली आहेस म्हणजे बाबाला कळलेलंच होतं, त्याने घरात तोंड उघडलं नव्हतं, एवढंच. मग आम्ही दोघी त्या बशीकडे बघत बसलो. फेकायची तर देवदूत आहेत. जाळायची तर माझी भट्टी पाया पडून नको म्हणेल. पुरावी म्हटलं तर एव्लाम्बियाला ती सोडवेना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की काठ फार गोड आहे हो. शेवटी मी गाढवाचे खूर घासायची कानस आणली. धरायला ती, घासायला मी, दोन्ही मुठींनी. अर्ध्या तासात नऊही पंक्ती गेल्या, तळ गुळगुळीत झाला. पांढरी भुकटी माझ्या नाकात, केसांत, कॉफीत. ती बशी एप्रनखाली घेऊन गेली आणि संध्याकाळी तिच्या कानांत डूल नव्हते, म्हणजे कुठे होते ते कळलं.

आता एक सांगते, आणि हे मी परत लिहिणार नाही. चौदाला तू पीठ मळत होतीस तेव्हा मी मागे स्टुलावर बसले होते. तुला काय काय बोलायचं ते मी आदल्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं. हलकं ढकलतेस म्हणणार होते. दुमडत नाहीस म्हणणार होते. तू दोन किलोचा गोळा असा वळवलास की टेबल सरकलं. मे महिन्यापासून पिठाला हात न लावलेल्या पोरीला हे कुठून आलं याचा मी विचार केला. ते त्या प्लॅस्टिकच्या चिखलातून आलं आहे. गोठलेल्या चरबीच्या त्या वड्या रोज संध्याकाळी मळून आलं आहे. हे लिहिताना माझं तोंड कडू झालं आहे, पण खरं ते खरं.

ठशाचे दोन्ही तुकडे मी झाफिरिस सुताराकडे दिले. त्याच्याकडे वाळलेलं नासपतीचं लाकूड आहे. तुकडे समोर ठेवून तो नवा कोरील. नाताळाच्या आत देतो म्हणाला, म्हणजे ईस्टरला देईल. चीर कोरू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं तुला अक्कल आहे का.

बशा करायच्या तर कर. द्राक्षाची पानं दाब, मासे दाब, पोलिक्सेनीचं तोंड दाब. देवाच्या वस्तू सोडून दे, आणि मला वडी पाठवू नकोस.

जेवत जा. तुझ्यावरची माया शिल्लक आहे, वरचेवर खरवडून बघू नकोस.

तुझी आजी
गारुफालिया

ता. क. झाफिरिसला ठशाच्या मुठीचं माप हवं आहे. माझ्या हाताचं मी दिलं नाही. उजवा पंजा कागदावर पसरून ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद उलट टपालाने पाठव. पंजा आधी धू.